पहिली कळशी

गिरगावातील ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिचा दिवस सूर्योदयाने उजाडत नसे. तो नळाच्या आवाजाने उजाडे. पहाटे साडेचारच्या सुमारास चौकातील नळ प्रथम एक दीर्घ उसासा टाकी, मग दोनचार वेळा खोकल्यासारखा आवाज करी आणि मग पाण्याची धार सुरू होई. तो उसासा कानी पडताच तिन्ही मजल्यांवरची दारे उघडत. हंडे, कळश्या, घागरी आणि बादल्या यांचा एकच खणखणाट होई, आणि अर्धवट झोपेतली आम्ही मुले आईचा पदर धरून जिना उतरू लागत असू. ही हकीकत साधारण १९६८ ते १९७० या काळातील. चाळीत बिऱ्हाडे चाळीस, नळ एक, आणि पाणी राहण्याची मुदत जेमतेम दोन तास.

एवढ्या वेळात चाळीस बिऱ्हाडांनी पाणी भरायचे म्हणजे तेथे रोज महाभारत होत असेल, असे तुम्हांला वाटेल. भांडणे मुळीच होत नसत, असे मी म्हणणार नाही. परंतु ती फार वाढत नसत. याचे श्रेय तळमजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध आजींना होते. त्या नळापाशी एका लाकडी पाटावर बसत आणि कोणी केव्हा कळशी लावायची ते सांगत. त्यांना हा अधिकार कोणी दिला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बहुधा त्यांच्या निःस्वार्थीपणाने तो त्यांच्याकडे आपोआप चालत आला असावा.

आजींचा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, पण तो साऱ्या चाळीला तोंडपाठ होता. पहिल्या फेरीत प्रत्येक बिऱ्हाडाने पिण्यासाठी एकच कळशी भरायची. घर मोठे असो वा लहान, माणूस हुद्द्याचा असो वा हमाल. ज्या घरी आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल, त्या घरची कळशी मात्र रांग मोडून आधी भरायची. दुसरी फेरी स्वयंपाकाच्या व आंघोळीच्या पाण्याची. तीत गिरणीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना अग्रमान. धुणीभांडी तिसऱ्या फेरीत. आणि व्हरांडे धुण्याची ज्यांना हौस असेल, त्यांनी सर्वांत शेवटी उरले तर भरावे. एकदा दुसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांनी पहिल्याच फेरीत दोन हंडे लावले. आजी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, तुमच्या धुण्याला उद्या चालेल. वरच्या पोराच्या तहानेला उद्या चालेल का?” गृहस्थांनी निमूटपणे एक हंडा बाजूला केला.

या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र मला त्या वयात मुळीच पटत नसे. चौकाच्या कोपऱ्यात एक औदुंबर होता. नळाला कितीही बारीक धार असली तरी आजी रोज एक तांब्या पाणी त्याच्या बुंध्याशी ओतीत आणि शेजारच्या मातीच्या परळात पाखरांसाठी थोडे पाणी घालीत. एका उन्हाळ्यात पाणी फारच कमी येऊ लागले. आमची बादली अर्धीच भरली होती. मी धीटपणे म्हणालो, “आजी, आम्हांला पुरत नाही, आणि तुम्ही झाडाला पाणी घालता!” आजींनी माझ्याकडे पाहिले व शांतपणे म्हटले, “बाळ, तुला रांगेत उभं राहता येतं. त्याला येत नाही. म्हणून त्याचा नंबर मी लावते.”

त्या उत्तराचा अर्थ पुरता उमगण्यास मला पुढे पंचवीस वर्षे लागली.

नळाला पाणी येते ते कोठून, हा प्रश्न मी एकदा वडिलांना विचारला. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते एका छापखान्यात खिळे जुळवीत. शिक्षण बेताचे, पण अक्षरे जुळविता जुळविता त्यांनी पुष्कळ वाचले होते. एका रविवारी त्यांनी मला फिरायला नेले आणि म्हणाले, “पाण्याचा इतिहास पुस्तकात कशाला शोधतोस? तो रस्त्यावरच्या पाट्यांवर आहे.” खरोखरच तो होता! सी. पी. टँक, धोबीतलाव, गवालिया टँक ही आमच्या आसपासची नावे मी रोज ऐकत होतो. पण तेथे एके काळी खरी तळी होती, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. एका तळ्याचे पाणी माणसे पीत, दुसऱ्यावर धोबी कपडे धूत, तिसऱ्यावर गवळ्यांची गुरे येत. गवालिया टँकच्या मैदानावरूनच ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची घोषणा झाली, हे तुम्ही इतिहासात वाचलेच असेल. तळी बुजली, नावे उरली. आणि पाण्याचे निरनिराळे उपयोग या नावांत जपले गेले.

मुंबईला स्वतःची अशी मोठी, बारमाही नदी नाही. गोडे पाणी असे ते विहिरींचे आणि तळ्यांचे. वस्ती वाढली तसे ते अपुरे पडू लागले. १८५० नंतरच्या दशकात टंचाई इतकी तीव्र झाली, की साष्टीतील मिठी नदीच्या खोऱ्यात विहारचा तलाव बांधण्यात आला आणि १८६० मध्ये नळाने पाणी शहरात आले. तेही पुरेना. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा नदी अडवून तिचे पाणी आणले गेले. १९५७ मध्ये वैतरणा नदीवरील धरण पूर्ण झाले. नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या स्मरणार्थ त्याच्या जलाशयाला आपण मोडकसागर म्हणतो. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा यांची भर पडली. आज या सात जलाशयांतून मुंबईला रोज चारशे कोटी लिटरच्या जवळपास पाणी मिळते, आणि त्यातला फार मोठा वाटा भातसा नदीचा आहे. मेल्यानंतर वैतरणी नदी ओलांडावी लागते, असे पुराणे सांगतात. दादा हसून म्हणत, “आपण मुंबईकर मोठे भाग्यवान. आपण जिवंतपणीच रोज वैतरणा पितो!”

त्याच वर्षी मे महिन्यात दादा मला माझ्या आत्याकडे घेऊन गेले. आत्याचे गाव शहापूर तालुक्यात. बोरीबंदरहून कसाऱ्याची गाडी धरून आम्ही आसनगावला उतरलो आणि पुढचा प्रवास काही एस.टी.ने, काही पायी केला. गावाशेजारून एक लहानशी नदी जात होती. नदी म्हणजे काय, ती केवळ नदीची जागा होती. पांढरे गोटे, तापलेली वाळू आणि मध्यभागी कोठे कोठे ओलसर काळसरपणा. पावसाळ्यात हिला माणूस वाहून जाईल एवढा पूर येतो, असे आत्याने सांगितले, तेव्हा ते मला खरे वाटेना.

प्रवासाच्या धुळीने मी माखलो होतो. परसात भरलेला हंडा दिसला. गिरगावात जे सुख कधी मिळाले नव्हते, ते आज मिळाले असे समजून मी तो सारा हंडा अंगावर ओतून घेतला. आत्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटले. पण ती काहीच बोलली नाही. भाऊ कित्येक महिन्यांनी आलेला, त्याचा मुलगा पाहुणा. त्याला ती काय बोलणार?

रात्री कधीतरी मला जाग आली. आत्याचे अंथरूण रिकामे होते. पहाटे दादांबरोबर मी नदीकडे गेलो, तेव्हा ती तेथे दिसली. वाळूत कमरेइतका खोल झिरा खणलेला होता. तळाशी ओंजळभर पाणी साठले की करवंटीने ते अलगद उचलायचे, फडक्यातून गाळून हंड्यात घालायचे, आणि पुन्हा पाणी झिरपण्याची वाट पाहत बसायचे. भोवती सातआठ बायका आपापल्या भांड्यांशी बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हते. काल मी अर्ध्या मिनिटात ओतलेला हंडा भरण्यास आत्याला अर्धी रात्र लागली होती.

दुसऱ्या दिवशी दादांनी मला तानसाचे धरण दाखविले. उन्हाळ्यातही तेथे पाणी होते. धरणापासून निघालेले प्रचंड नळ रानातून दूरवर गेलेले दिसत होते. एखादा माणूस आत उभा राहू शकेल एवढे ते मोठे होते. मी एका नळाला कान लावला. आतून पाण्याचा गंभीर, अखंड नाद येत होता. मी विचारले, “दादा, हे पाणी कुठे जातं?” दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपल्या चाळीत. पहाटे साडेचारला.” परतताना वाटेत आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

लहानपणीचे दुःख खोल असते, पण त्यावर आयुष्याची माती लवकर चढते. मी शिकलो, मराठी घेऊन एम.ए. झालो आणि एका शाळेत शिक्षक झालो. मुलांना निबंध शिकविणे हे माझे आवडीचे काम होते. ‘नदीचे आत्मवृत्त’ हा विषय तर आमच्या मराठी निबंधाचा जुना मानकरी. १९९५ च्या सुमारास मी तो इयत्ता सातवीच्या वर्गाला दिला. वह्या तपासू लागलो. बहुतेक निबंधांत नदी डोंगराच्या कुशीत जन्मली होती, खळाळत दऱ्याखोऱ्यांतून धावली होती. तिने शेते पिकविली, तहान भागविली, वीज निर्माण केली, नावा वाहिल्या आणि अखेरीस सागराला भेटून ती धन्य झाली होती. मी समाधानाने गुण देत होतो.

एका मुलाच्या वहीत मात्र निराळेच काही होते. ती नदी डोंगरात जन्मली खरी, पण सागराला भेटत नव्हती. तिने लिहिले होते: “मला वाटेत अडवून नळात घातले. नळात अंधार असतो. मी दूरच्या शहरात जाऊन बाहेर पडते. तेथे लोक मोटारी धुतात. माझ्या काठच्या गावातली एक बाई मला शोधते, पण मी तिला सापडत नाही. ती माझी आई आहे.” शेवटचे वाक्य व्याकरणाने संदिग्ध होते. नदीची आई कोण? ना सुरुवात, ना मध्य, ना शेवट. उपयोगांचा तर उल्लेखही नाही. मी तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले.

वही परत घेताना मुलगा टेबलापाशी घुटमळला. “सर,” तो हळूच म्हणाला, “ते विषयांतर नाही. ते आमचं गाव आहे.” मी गावाचे नाव विचारले. ते शहापूर तालुक्यातील होते. शिक्षणासाठी तो गिरगावात काकांकडे राहत होता, आणि त्याची आई गावी होती.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे वाळूतला तो झिरा उभा राहिला. जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, ज्याच्यामुळे एक रात्र माझ्या आत्याला झोप मिळाली नव्हती, तेच एका मुलाने मला लिहून दाखविले, आणि मी त्याला विषयांतर म्हटले! मी वही परत मागितली. शेरा खोडला, गुण बदलले. परंतु तांबडी शाई पुरती खोडता येत नाही. ती खूण त्या वहीत राहिलीच. दुसऱ्या दिवशी मुलाची संमती घेऊन मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला आणि माझी चूकही सांगितली. मुले स्तब्ध झाली होती.

मग मी वर्गाला म्हणालो, “आज आपण नदीचा नळ करू. ज्यांना ज्यांना नदी हवी आहे, त्यांनी रांगेत उभे राहा. कोणाचा नंबर आधी, ते ठरवू.” कोणी शेतकरी झाला, कोणी गिरणीमालक, कोणी वीज, कोणी कोळी, कोणी नावाडी, कोणी पर्वस्नानाला आलेला यात्रेकरू, आणि कोणी तहानलेला माणूस. एकच गलका झाला. वीज झालेला मुलगा म्हणाला, “माझ्यावाचून दवाखाना चालणार नाही.” शेतकरी म्हणाला, “माझ्यावाचून दवाखान्यातल्या रोग्याला पेज मिळणार नाही.” गिरणीमालक म्हणाला, “माझ्यावाचून लालबाग-परळच्या हजारो घरांत चूल पेटणार नाही.” प्रत्येकाचे म्हणणे खरे होते. हीच तर नदीच्या बाबतीतली मोठी अडचण आहे, की तिच्याकडे येणारा कोणीही खोटे बोलत नसतो.

तेव्हा आम्ही काही प्रश्न ठरविले. पहिला प्रश्न असा: याला पाण्याऐवजी दुसरे काही चालेल का? वीज कोळशापासूनही होते, माल रेल्वेनेही जातो; पण तहानेला पाण्यावाचून दुसरे औषध नाही. म्हणून तहान सर्वांत पुढे उभी राहिली, आणि तिच्यामागे पोटाला अन्न देणारी शेती आली. त्यावर एका मुलीने विचारले, “शेती म्हणजे ज्वारी की ऊस? उसाला तर फारच पाणी लागतं.” म्हणजे एका उपयोगाच्या पोटातही गरज कोणती आणि चैन कोणती, हे पाहावे लागते. पिण्याचे पाणी म्हणून शहरात आणलेले सारेच पाणी काही पिण्यासाठी खर्च होत नाही, हेही मग मुलांनीच दाखवून दिले.

दुसरा प्रश्न असा: घेतलेले पाणी हा परत देतो का, आणि देतो ते कसे? कोळी झालेला मुलगा पुढे येऊन म्हणाला, “मला पाणी न्यायचंच नाही. मला पाण्यात राहायचं आहे.” किती मार्मिक उत्तर! कोळी आणि नावाडी नदीतून काही उचलून नेत नाहीत. नदी वाहती राहावी एवढेच त्यांना हवे असते. शेतकऱ्याने घेतलेले बहुतेक पाणी पिकात आणि हवेत जाते. कारखाना पाणी परत करतो, पण कित्येकदा ते घाण करून. वीज पाणी जसेच्या तसे सोडते. मात्र ते कोठे सोडते, हे पाहिले पाहिजे. सह्याद्रीतील काही वीजप्रकल्पांत पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी पश्चिमेला कोकणात उतरविले जाते. मग ते मूळच्या खोऱ्यात परत येत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या मुंबईशी फार निकटचे आहे. पुण्याजवळील मुळशी येथे मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटांच्या कंपनीने मुंबईला वीज पुरविण्यासाठी धरण बांधण्यास घेतले. त्यात पन्नासहून अधिक गावांची जमीन जाणार होती. १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला, आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. मावळे हरले व धरण पूर्ण झाले. त्या पाण्यापासून सह्याद्रीखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईला आली. त्या विजेने मुंबईचे भले केले, यात संशय नाही. परंतु जे उजेडात बसतात, त्यांनी तो कोणाच्या अंगणातून आला हे विसरू नये. ज्या रांगेत वीज पुढे गेली, त्या रांगेत मुळशीच्या शेतकऱ्याला आपला नंबर लावताच आला नाही.

नदीचे वाटप ही काही केवळ वर्गातील खेळाची गोष्ट नाही. शासनालाही अशी रांग लावावी लागते. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत प्रथम पिण्याचे पाणी, मग सिंचन, मग जलविद्युत, मग नौकानयन आणि नंतर उद्योग, असा क्रम होता. २००२ च्या नीतीत पर्यावरणालाही त्या रांगेत जागा मिळाली. आपल्या राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना दुसरे स्थान दिले व शेतीला तिसरे. त्यावर पुष्कळ वादविवाद झाला आणि २०११ मध्ये शेती पुन्हा दुसऱ्या स्थानी आली. यावरून काय दिसते? हा क्रम दगडावर कोरलेला नसतो. माणसे तो ठरवितात, आणि माणसांना तो बदलताही येतो.

एका गोष्टीवर मात्र कोणाचा मतभेद नाही, आणि ती म्हणजे तहान प्रथम. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी रेल्वेने तेथे पाठविण्यात आले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तीनशेहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास! आमच्या आजी आजारी माणसाची कळशी रांग मोडून आधी भरीत, तसाच हा प्रकार होता.

आता तिसरा प्रश्न उरतो, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रांगेत कोण नाही? त्या दिवशी वर्गात सारे वाद संपल्यावर तो शहापूरचा मुलगा उठला. तो कोणत्याच भूमिकेत उभा राहिला नव्हता. तो म्हणाला, “सर, सगळे रांगेत आहेत, पण नदी कुठे आहे?” खरेच की! नदीसाठी नदी कोणीच ठेवली नव्हती. माशांनी जगावे, काठची झाडे तगावीत, विहिरींना पाझर राहावा, यासाठी नदीत काही पाणी वाहते ठेवावेच लागते. तो नदीचा वाटा. आणि पाण्याप्रमाणेच तिला पसरण्यास जागाही लागते. तिचा वाटा आपण नाकारला तर ती एके दिवशी तो स्वतः घेते. मिठी नदीचे पाहा. विहार आणि पवईच्या तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत ती सुमारे अठरा किलोमीटर वाहते. तिचे पात्र आपण भरावाने आवळले, तिच्यात सांडपाणी सोडले, तिला नाला म्हणू लागलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, अनेकांचे प्राण गेले. ही नदी आहे, हे मुंबईतील कित्येकांना त्या दिवशी प्रथम कळले.

आपल्याकडे म्हण आहे, की नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. ऋषीच्या कुळाबद्दल मला काही सांगावयाचे नाही. पण नदीचे मूळ मात्र प्रत्येकाने अवश्य शोधावे, असे मी म्हणेन. आपल्या नळाची धार कोणत्या डोंगरातून येते आणि तेथील माणसांना ती मिळते की नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तो नळ वाहता ठेवून दात घासणार नाही. अगदी अलीकडच्या उन्हाळ्यांतही शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले आहे. मुंबईची तहान खरी आहे. येथेही वस्त्यावस्त्यांतून बाया-मुली पाण्यासाठी ताटकळतात, हे मी विसरलेलो नाही. परंतु ‘तहान प्रथम’ हा नियम मान्य केला, तर धरणाच्या काठची तहान धरणापासून दूर असलेल्या तहानेपेक्षा हलकी कशी ठरेल? पहिल्या फेरीत प्रत्येक बिऱ्हाडाला एक कळशी, हा आजींचा कायदा होता. ज्या गावातून नदी येते, ते गाव आपल्याच चाळीतले एक बिऱ्हाड आहे.

आमची ती चाळ आता राहिली नाही. तेथे उंच इमारत झाली असून माझ्या घरात तीन नळ आहेत. औदुंबरही गेला. खिडकीत मी एक मातीचे परळ ठेवले आहे. सकाळी त्यात पाणी घातले की चिमण्या-कावळे येतात. आत्याला जाऊन बरीच वर्षे झाली. तिचा तो हंडा मी मागून आणला आहे. एका बाजूने तो थोडा चेपलेला आहे. त्यात आता पाणी भरीत नाही. पण नळ सोडताना माझी नजर अजूनही त्याच्याकडे जाते.

परीक्षेत तुम्हांला ‘नद्यांचे उपयोग लिहा’ असा प्रश्न येईल. सारे उपयोग नीट लिहा. त्यांचा क्रम लावा आणि तो तसा का लावला, याची कारणेही द्या. मात्र उत्तर संपविण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि रांगेकडे पुन्हा एकदा पाहा. जे तेथे उभे राहू शकले नाहीत, त्यांचा नंबर तुम्ही लावा. त्यासाठी तुमचे गुण कोणी कापले, तर त्या शिक्षकांना नम्रपणे सांगा, की हे विषयांतर नाही.